बहिणाबाईच्या ओसरीवर

आवाज करू नका. देवगावात सामसूम आहे, पण कुलकर्ण्यांच्या घरात कुणाचाच डोळा लागलेला नाही. चुलीतला विस्तव विझवलाय, दिवा लावलेला नाही. अंधारात हात चालतायत : एक पातेलं, दोन धडुती, देवाचा संपुष्ट. दाराशी एक नऊ वर्षांची मुलगी उभी आहे. तिला कुणी काही सांगितलेलं नाही. तरीही हे घर आता आपलं राहिलं नाही, एवढं तिला उमगलंय.

तुम्ही इ.स. १६३७च्या आसपास उभे आहात. वेरूळपासून हे गाव फार लांब नाही. दुष्काळाची ती भयंकर वर्षं सरून फार दिवस झालेले नाहीत. निजामशाही नुकतीच संपलीय. कुणाच्या अंमलात आहोत, हे गावकऱ्यांना वसूल मागायला येणाऱ्या माणसावरून कळतं. पण या घरातली माणसं कुठल्या फौजेला भिऊन पळत नाहीत. ती पळतायत स्वतःच्या भाऊबंदांना भिऊन. कुलकर्णी वतनाचा तंटा, त्यात कर्ज. रक्ताच्या माणसांनी या मुलीच्या वडिलांना, आऊजी कुलकर्ण्यांना, कैदेत टाकण्यापर्यंत गोष्ट नेली. ज्यांच्याबरोबर एका पंगतीत जेवले, त्यांच्यामुळेच हे झालं.

आऊजींना त्यातून सोडवलं कुणी? अंधारात गाठोडं बांधणारा तो चाळिशीकडे झुकलेला माणूस नीट बघून ठेवा. तो या घरचा जावई, रत्नाकर पाठक. शिऊरचा. वेदविद्या जाणणारा, बिजवर. दाराशी उभ्या या मुलीचं, बहिणाचं, अजाण वयात लग्न त्याच्याशी लावून दिलं, तेव्हा तो तिशीचा होता. संकटाची बातमी कळताच तो धावत आला. सासऱ्याला सोडवलं, आणि आता सगळ्या कुटुंबाला घेऊन रातोरात निघालाय. सासुरवाडीसाठी एवढं कोण करतं? पुढे तुम्हाला याच माणसाचा भयंकर राग येणार आहे. म्हणून आजची ही रात्र आधी दाखवली. ती विसरू नका. बहिणा ती विसरलेली नाही. तिनं ती लिहून ठेवलीय.

(मराठीत बहिणाबाई दोन. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी विसाव्या शतकातल्या. ही त्यांच्या अडीचशे वर्षं आधीची, शके १५५० मध्ये, म्हणजे १६२८ साली जन्मलेली, तुकोबांची शिष्या. आपलं आयुष्य तिनं स्वतः अभंगांतून सांगितलं. तुम्ही आता जे बघताय ते तिच्याच डोळ्यांनी.)

चला, त्यांच्यामागून. पाय दुखतील. भीमेचा काठ, पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर. कुलकर्ण्यांचं कुटुंब भिक्षा मागत चाललंय. काल ज्यांच्या दारी लोक दाखला मागायला यायचे, ते आज दुसऱ्यांच्या दारी उभे राहून पीठ मागतायत. मुलगी मागे मागे राहते. खेळायच्या वयात तिला देवाचं नाव घ्यायचा नाद लागलाय. पंढरपुरात देवासमोर ती किती वेळ उभी राहते बघा. आईला हात धरून ओढावं लागतं.

कोल्हापूर.

बहिरंभटांच्या घरची ओसरी. परक्या गावात या कुटुंबाला मिळालेली एवढीच जागा. इथे जरा बसून घ्या, आपल्याला इथे बराच वेळ थांबायचंय. बाहेर अंबाबाईचं नगर आहे, देवळाची घंटा ऐकू येते, पण आपलं सगळं काम या ओसरीवर आणि तिच्या बाजूच्या गोठ्यात.

बहिरंभटांना दानात एक कपिला गाय मिळालेली. स्वप्नात दृष्टान्त झाला म्हणून त्यांनी ती रत्नाकरांना देऊन टाकली. गाईचं वासरू बहिणाला असं बिलगलंय की विचारू नका. तिच्या हातचं पाणी पिणार, तिच्या हातचा चारा खाणार. ती पाण्याला निघाली की हे मागे. ती कथेला निघाली तरी मागे. अकरा वर्षांची मुलगी आणि तिच्या पदराला तोंड लावून चालणारं काळं वासरू. लोक थांबून बघतात. कुणी हसतं, कुणी हात जोडतं. पाणवठ्यावर घागरी खाली ठेवून बायका आपसात कुजबुजतात : हे मागच्या जन्मीचं कुणीतरी असणार गं.

गावात जयरामस्वामी वडगावकर आलेत. रोज कीर्तन. देहूच्या एका वाण्याचे अभंग ते गातात, आणि ऐकता ऐकता या मुलीला त्या वाण्याची ओढ लागते. तुकोबांना तिनं पाहिलेलं नाही. देहू कुठल्या दिशेला, हेही तिला ठाऊक नसेल. शब्द तेवढे पोचलेत.

आजच्या कीर्तनाला तुम्हीही या. दाटीवाटीनं बसावं लागेल. तेलाच्या दिव्यांचा धूर डोळ्यांत जातोय. बहिणा आईबापांजवळ बसलीय आणि तिच्या शेजारी ते वासरू. माणसांनाच जागा नाही, तिथे जनावर कशाला, म्हणून कुणीतरी त्याला बाहेर काढतं. बाहेरून त्याचं हंबरणं सुरू होतं. आत मुलगी रडायला लागते. टाळमृदंगाच्या वरताण तिचं रडणं ऐकू येतं. स्वामींना कळतं. ते वासराला आत बोलावतात. आता बघा : एवढ्या सभेत, सगळ्यांच्या देखत, ते आधी वासराच्या आणि मग त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवतात.

त्या स्पर्शानं तिच्या आयुष्यातलं एक पर्व सुरू झालं. त्याच रात्री तिनं मारही खाल्ला.

भरल्या सभेत स्वामींनी तुमच्या बायकोच्या डोक्यावर हात ठेवला, असं एका माणसानं जाऊन रत्नाकरांना सांगितलं. कसं सांगितलं असेल, ते तुम्ही ओळखाल. प्रत्येक गल्लीत असा एक माणूस असतो. वेद म्हणणारे, देवगावाहून सासऱ्याला सोडवून आणणारे रत्नाकर पाठक संतापानं घरी आले. त्यांनी बायकोला केसांना धरलं.

इथे मी तुम्हाला तोंड फिरवू देणार नाही. तिनंही फिरवलं नाही. तो मारतोय. अकरा वर्षांच्या मुलीला. आई जानकी तिथे उभी आहे, आऊजी तिथे उभे आहेत, आणि दोघांच्या तोंडून शब्द फुटत नाही. परागंदा झालेली माणसं. ज्याच्या आधारानं जगायचं त्या जावयाला काय बोलणार? तुमचा हात पुढे होतोय, मला दिसतंय. पण मधे पावणेचारशे वर्षांहून जास्त काळ आहे. शेवटी घराचा यजमान मधे पडतो. तरी राग शमत नाही. तिचे हातपाय बांधले जातात.

गोठ्यात गाय चाऱ्याला तोंड लावत नाही. वासरू पाण्याला तोंड लावत नाही. जनावरांनी अन्न सोडलं, तेव्हा कुठे घरातल्या माणसांना शरम वाटली. थोड्याच दिवसांत ते वासरू गेलं. त्याच्या मागून बहिणा बेशुद्ध पडली, आणि तीन-चार दिवस तिला शुद्ध नव्हती.

देवाची इच्छा या दोन शब्दांबद्दल मला जे म्हणायचंय, ते इथेच म्हणतो. आपल्या घरांतून ते फार स्वस्तात वापरले गेलेत. सुनेला मारलं, देवाची इच्छा. भावानं भावाची जमीन लाटली, देवाची इच्छा. पोरीचं अजाण वयात लग्न लावलं, योग होता. मारणारा हात माणसाचा असतो आणि पापही त्याचंच असतं. ते देवाच्या पदरात टाकायचा अधिकार कुणालाही नाही. बहिणा ते टाकत नाही. तिचं आत्मचरित्र तुम्ही कुठूनही उघडा. नवऱ्यानं केलं ते नवऱ्यानं केलं, असंच लिहिलंय. भाऊबंदांनी केलं ते भाऊबंदांनी केलं. देवाकडे ती जाते ते यातून वाट काढ म्हणायला, आणि पुष्कळदा भांडायला. आपलं कोणतं पाप म्हणून हा जन्म मिळाला, बाईच्या देहाला वेद नाही, मंत्र नाही, मग परमार्थ कसा करू, असं ती त्याला तोंडावर विचारते. भक्तानं असं विचारू नये, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बरं झालं.

बेशुद्धीतून ती उठली ती वेगळीच. डोळ्यांपुढे पंढरीचा देव, कानांत तुकोबांचे शब्द. आणि एका रात्री, कार्तिक वद्य पंचमीला, रविवारी, तुकोबा स्वप्नात आले. त्यांनी मस्तकावर हात ठेवून मंत्र दिला. तिथी आणि वार तिनं नीट लक्षात ठेवलाय. आपण लग्नाची तारीख ठेवतो तसा.

आता गर्दी होते. जिच्यावर तुकोबांनी स्वप्नात कृपा केली, ती मुलगी बघायला लोक ओसरीवर येतात. पाया पडतात. आणि रत्नाकर कोपऱ्यात बसलेत. त्यांच्याकडे कोण बघतंय? वेद शिकलेला ब्राह्मण, वयानं थोराड, घराचा कर्ता. लोक त्याला ओलांडून त्याच्या पोरसवदा बायकोपुढे वाकतात. त्यातून तिचा गुरू कोण, तर एक शूद्र, आणि तोही स्वप्नातला. जात, विद्या, वय, पुरुषपण या चारही पायांवर त्याचा मान उभा होता, आणि ते चारही पाय एकदम निसटले. त्याच्या मारण्याला माफी नाही, हे मी पुन्हा म्हणतो. पण त्या कोपऱ्यातला त्याचा चेहरा बघितला की कळतं, तो राक्षस नाही. मत्सरानं पोळलेला, घाबरलेला माणूस आहे. असा माणूस आपल्या सगळ्यांच्या घरी कधी ना कधी बसलेला असतो. कधी तो आपणच असतो.

तो ठरवतो : हिला टाकून निघून जायचं. सासूसासऱ्यांकडे हिला ठेवायची आणि आपण तीर्थांना जायचं. आणि बहिणाला तिसरा महिना आहे.

ही दुसरी रात्र. दिवा बारीक केलाय. त्याची निघायची तयारी चाललीय, आणि ती भिंतीला टेकून बसलीय. मला या सगळ्या कथेत सर्वांत मोठी वाटते ती ही रात्र. चमत्कारांपेक्षा मोठी. कारण इथे ती डगमगते, आणि डगमगली ते सांगते. तिच्या मनात येतं : ज्या विठ्ठलासाठी हे सगळं चाललंय तो तर दगडाचा, आणि तुकोबा स्वप्नातले. त्यांच्यासाठी मी हातातलं सोडून बसू? नवरा गेला तर पोटातल्या मुलाचं काय, माझं काय? त्या काळात टाकलेल्या बाईला काय भोगावं लागायचं ते तिला पक्कं ठाऊक आहे. देव सोडावा आणि घर वाचवावं, असा विचार या संत बाईच्या मनात येऊन गेला. पुढे ती साठी-सत्तरीला पोचली, लोक पायावर डोकं ठेवू लागले, तेव्हाही तिनं तो विचार झाकला नाही.

श्रद्धा म्हणजे शंका नसणं, असं आपल्याला लहानपणी सांगितलं जातं. या ओसरीवर बसून तुम्हाला तसं वाटतंय? तिच्यापाशी शंका आहे, भीती आहे, नवऱ्याचा राग आहे, नवऱ्याची मायाही आहे. एवढं सगळं घेऊन ती देवाशी बोलायची थांबत नाही. तिच्या विश्वासात याहून जास्त काही नाही, आणि हे काही थोडं नाही. नवऱ्याची सेवा हाच आपला धर्म, असंही ती म्हणते. तिनं पतिव्रतेच्या धर्मावर जे अभंग लिहिलेत, ते आज वाचताना जीव गुदमरतो. मी ते लपवणार नाही. ती तिच्या काळातली होती. पण त्याच तोंडानं ती असंही म्हणते की विठ्ठल सोडणार नाही. दोन्ही हातांत दोन दावी, आणि दोन्ही विरुद्ध दिशांना ओढणारी. ती एकही सोडत नाही. तळहात सोलवटले तरी नाही.

पहाटे काय होतं ते बघा. निघायचं म्हणून उठलेल्या रत्नाकरांना ताप भरतो. अंगाची आग आग होते. दिवस जातात, औषध लागू पडत नाही, अन्न जात नाही. जिला टाकून जायचं होतं तीच उशाशी बसलीय. आईबाप थकले तरी ती बसलीय. यातनांत त्याच्या तोंडून निघतं की हे आपल्याच कर्माचं फळ, आपण देवाची आणि तुकोबांची निंदा केली. मग एक म्हातारा ब्राह्मण येऊन त्याला समजावतो : जगायचं असेल तर हिला नीट वागव. तो कबूल करतो. ताप उतरतो.

बहिणाला यात देवाचा हात दिसला. ती तसं लिहिते, आणि तिचा अर्थ खोडायला मी आलेलो नाही. मला दिसतं ते एवढंच सांगतो. खाटेला खिळलेल्या माणसाला पाणी कोण पाजतंय, हे पहिल्यांदा जवळून दिसतं. रत्नाकरांनी इतकी वर्षं तिच्याकडे बघितलंच नव्हतं. आता बघितलं.

आणि उठल्यावर हा माणूस करतो काय? आपल्या बायकोला घेऊन देहूला निघतो. सासूसासरे, गाय, सगळे बरोबर. ज्या शूद्राच्या नावानं काल तो पेटत होता, त्याच्या पायांशी चालत चालत जातो. ब्राह्मणानं हे करायचं, म्हणजे आपल्याच जातीत नाक कापून घ्यायचं. ते त्यानं केलं. मार हा जसा खरा, तसा हा प्रवासही खरा. एकानं दुसरं पुसलं जात नाही.

देहूला फार थांबायचं नाही, पण इंद्रायणीत पाय बुडवून घ्या. तिथला मंबाजी गोसावी राहायला जागा देत नाही. कोंडाजीपंत नावाचा भला माणूस जेवू घालतो. देवळात मुक्काम पडतो. आणि समोर, आरती म्हणत, प्रत्यक्ष तुकोबा उभे आहेत. स्वप्नात पाहिले होते तसेच, असं बहिणा म्हणते. तुकोबांना डोळ्यांनी पाहून त्यांच्याविषयी लिहून ठेवणारी माणसं किती थोडी, आणि त्यांतली ही एक. मंबाजीनं केलेला छळ आपल्याला कळतो तोही तिच्याकडून : त्यानं हिला स्वतःची शिष्या व्हायचा आग्रह धरला, तिनं नकार दिला, आणि मग पुण्याच्या अप्पाजी गोसाव्यांकडे कागाळीचं पत्र गेलं. मंबाजीनं गाय चोरून कोंडली आणि तिला झोडपलं. ती सापडली तेव्हा गाईच्या अंगावरचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटलेले होते, असं ती सांगते.

तुकोबांच्या घरातही डोकवा. इथे तरी शांतता असेल, असं वाटतंय का? दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. भाऊ कान्होबांशी वाटणी करून, आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी याच इंद्रायणीत बुडवली. आणि जिजाई, जिला लोक आवली म्हणतात, ती विठोबाच्या नावानं बोटं मोडते. मोडणारच. पोरांच्या तोंडात काय घालायचं हा प्रश्न तिच्यापुढे रोज उभा राहतो. पण भंडाऱ्याच्या डोंगरावर नवऱ्यासाठी भाकरी घेऊन चढते तीही तीच, अशी सगळ्या वारकऱ्यांची आठवण आहे. बहिणा हे घर बघते. देवाच्या माणसाच्या घरीही भांडं भांड्याला लागतं, हे तिला दिसतं, आणि मला वाटतं, त्यानं तिला फार धीर आला असणार. सरळ घर मिळालं की मग भक्ती करू, असं म्हणणाऱ्याला घरही मिळत नाही आणि भक्तीही.

देहूतच तिला मुलगी झाली. काशी. पुढे मुलगा झाला, विठोबा. १६५० साली तुकोबा गेले. आता वर्षं भराभर उलटू द्या, पन्नास वर्षं. तेवढ्यात शिवाजी महाराजांचं राज्य उभं राहिलं, संभाजीराजे गेले, औरंगजेब दक्षिणेत येऊन बसला. बहिणाच्या अभंगांत याचा गलका नाही. घर, गुरू, देव, आणि माणसाचं मन, एवढाच तिचा मुलूख. पण त्या मुलखात ती निर्भय होती. ब्राह्मण कोणाला म्हणायचं, जन्मानं की ज्ञानानं, हा प्रश्न विचारणारा वज्रसूची हा संस्कृत ग्रंथ तिनं मराठीत अभंगरूपानं आणला. ज्या घरात गुरूच्या जातीवरून नवरा पेटला होता, त्याच घरातली ही बाई.

शिऊर. इ.स. १७००, शके १६२२. नवऱ्याचं गाव, जिथे ती शेवटी राहिली. ओसरीवर एक बहात्तर वर्षांची म्हातारी पडलीय. अंत जवळ आलाय, हे तिला कळलंय. मुलगा विठोबा बायकोच्या उत्तरक्रियेसाठी बाहेरगावी गेलेला होता. तिनं पत्र पाठवून त्याला बोलावून घेतलं. बायकोचं सुतक फिटलं नाही, तोच आईचं बोलावणं. तो उशाशी बसलाय. तुम्ही उंबऱ्याशी बसा.

ती त्याला आपले मागचे बारा जन्म सांगते. हा तेरावा. त्या जन्मांतही तू माझ्याबरोबर होतास, असं सांगते. तुमचा पुनर्जन्मावर विश्वास असो नसो, जरा ऐकून घ्या. मरणाच्या दारात बसलेली आई आपल्या मुलाला सांगतेय की आपली गाठ काही आजची नाही. आणि तिच्या शेजारी अभंगांची ती वही आहे, म्हणजे तिचं सगळं आयुष्य : देवगावची रात्र, भाऊबंदांचा तंटा, वासराचं हंबरणं, वेणीला धरून ओढणारा हात, पोटातलं मूल, मनात आलेलं पाप, उशाशी घालवलेल्या रात्री, देहूची वाट. मुलगा ते ऐकणार, वाचणार, जपणार. वडिलांनी आईला कसं मारलं, हेही त्यात आहे. तिनं ते गाळलं नाही. सुनेच्या, नातवंडांच्या, गावाच्या डोळ्यांपुढे घराची अब्रू म्हणून खोडलं नाही. आणि वडील देहूला कसे चालत गेले, तेही खोडलं नाही.

देवावर भरवसा असलेल्या माणसालाच हे जमतं, असं माझं मत आहे. ज्याला भरवसा नाही तो घराचं चित्र सजवतो, कारण त्याला वाटतं की सत्य बाहेर आलं तर सगळं कोसळेल. बहिणाला ती भीती नव्हती. सगळं बघणारा एक जण आधीच बघून बसलाय, त्याच्यापासून काही लपलेलं नाही, मग लोकांपासून लपवून काय करायचं? देवाच्या इच्छेवर विसंबायचं म्हणजे तोंड शिवून सोसायचं, असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर त्याला या म्हातारीच्या उशाशी आणून बसवा. आणि तुमच्या घरी, किंवा शेजारच्या घरी, कुणी मार खात असेल, तर बहिरंभटांच्या ओसरीवर जो यजमान मधे पडला त्याच्यासारखे तुम्हीही मधे पडा. देवाची इच्छा कशी चालते हे मला कळत नाही. पण त्या रात्री ती त्या यजमानाच्या पायांनी चालत आली होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

आश्विन शुद्ध प्रतिपदा उजाडते. घटस्थापनेचा दिवस. घराघरांत माती चाळून घट बसवायची गडबड चाललीय. तिचा श्वास थांबतो.

आता परत या. वैजापूर तालुक्यात शिऊर आहे, तिथे तिची समाधी आहे. तिचं आत्मचरित्र मराठीत छापलं गेलं, आणि १९२९ मध्ये जस्टिन ॲबट यांनी ते इंग्रजीतही नेलं. रत्नाकर पाठक या माणसाविषयी आज आपल्याला जे काही ठाऊक आहे, ते सगळं त्यांच्या बायकोनं लिहून ठेवलेलं आहे.